बत्तीस वळणांचा उतार

४ फेब्रुवारी

प्रिय मामा,

फोन न करता पत्र लिहितेय. फोनवर तू 'कशी आहेस' विचारतोस, मी 'मजेत' म्हणते आणि आपण दोघं सुटतो. या वेळी मजेत नाहीये.

माझा ड्रायव्हर गेला. भांडून नाही, बायकोच्या गावी त्याला चांगली नोकरी लागली. तीन वर्षं आठवड्यातून दोनदा तो मला घाट उतरवून दरीत न्यायचा. दरीत माझे एकोणीस गोठे आहेत. गोठे कुणाचेही असोत, तिथल्या गायींचं दुखणंखुपणं माझ्याकडे. आता तीन आठवडे झाले, मी खाली गेलेली नाही. वरच्या वर मांजरांना जंताची औषधं देत बसलेय. दुसरा ड्रायव्हर मिळत नाही.

तीन वर्षांपूर्वीच्या त्या दिवसाचं तुला सांगायला नको. आई बाजूला होती, त्याच उतारावर माझे ब्रेक तापून बसले, गाडी मी डोंगराच्या अंगाला घासत थांबवली आणि आईचं मनगट मोडलं. तुला जे माहीत नाही ते आज सांगते. त्यानंतर मी एकदाही उतारावर गाडी चालवलेली नाही. आणि आई माझ्या गाडीत बसलेली नाही, सपाटीवरसुद्धा. भाजी आणायला दोन किलोमीटर चालत जाते. बोलत काही नाही. एकदा चांगली बोलली असती तर बरं झालं असतं.

आता ऐक, काय करून बसलेय. गाडी घेतली. हायब्रिड, म्हणजे पेट्रोलचं इंजिनही आहे आणि विजेची मोटरही. क्लच नाही, तुझ्या ट्रकसारखे खडखड टाकायचे गियर नाहीत. स्टिअरिंगच्या मागे बोटांशी दोन पॅडल आहेत. त्यांनी म्हणे उतारावर गाडी आवरता येते.

बावीस किलोमीटर, बत्तीस वळणं. छत्तीस वर्षं त्या घाटात ट्रक चालवलास तू. मला उतरायला शिकव.

तुझी
ठमी


११ फेब्रुवारी

चि. ठमीस,

पत्र चार वेळा वाचलं. तीन वेळा काळजीने आणि एकदा पेडलसाठी. स्टिअरिंगच्या मागे पेडल? पाय तिथवर न्यायचा कसा? शेजारच्या निवृत्त पोस्टमास्तरांना विचारलं, तर ते म्हणाले, नव्या गाड्यांत काहीही असतं. हे काही उत्तर झालं?

आता कामाचं. घाटाचा नियम एकच. ज्या गियरमध्ये चढलीस त्याच गियरमध्ये उतर. इंजिनाने गाडी धरायची, ब्रेकने नाही. ब्रेक म्हणजे घरातला मोठा माणूस. त्याला ऊठसूट हाक मारायची नाही, पण हाक मारली की त्याने आलंच पाहिजे. तू त्या दिवशी काय केलंस? वरपासून पाय ब्रेकवर ठेवून बसलीस. लोखंड ते, किती सोसणार? वास आला तेव्हाच थांबायला हवं होतं, पण तेव्हा ते तुला कुणी सांगितलेलं नव्हतं. मीही नाही. ट्रक हाकणाऱ्या मामाची भाची आणि तिला कुणी उतार शिकवला नाही. यात माझीही चूक आहे, हे लिहून ठेवतो.

पण गियरच नाहीत म्हणतेस, तर माझा नियम तुझ्या गाडीला लावू कुठे? हे मला पटत नाही. चौकशी करतो. तोवर तू ती पेडल सपाटीवर दाबून बघ आणि काय होतं ते नीट लिही. 'छान आहे' असं लिहू नकोस. हाताला काय लागलं, पाठीला काय लागलं, कानाला काय लागलं, ते लिही.

ताईच्या चालण्याबद्दल काही बोलत नाही. तिला ओळखतो मी. तुला वाटतंय तसं नसेल.

मामा


१९ फेब्रुवारी

प्रिय मामा,

पेडल नव्हे रे, पॅडल! बोटाने ओढायचं, कानाच्या पाळीएवढं. पोस्टमास्तरांनाही सांग.

रोज सकाळी सातला, दवाखाना उघडण्याआधी, घाऊक बाजारामागच्या रिकाम्या मैदानात जाते. तुला हवं तसं लिहिते.

डावं पॅडल एकदा ओढलं की गाडीची ओढ एक पायरी वाढते. तीन पायऱ्या आहेत. उजवं ओढलं की एक पायरी कमी. शून्यावर असताना रेसवरून पाय काढला तर गाडी नुसती घरंगळत राहते, साबणावरून घसरल्यासारखी. तीनवर पाय काढला की मागून कुणी पदर धरावा तशी ती आवरते. पाठ सीटपासून किंचित सुटते, पट्टा छातीला लागतो. कानाला अगदी बारीक सूर ऐकू येतो, उतरत जाणारा. बस. करकर नाही, वास नाही.

आणि गंमत म्हणजे ही ओढ फुकट जात नाही. चाकंच मोटरला फिरवतात, त्यातून वीज होते आणि ती बॅटरीत जाते. समोरच्या पडद्यावर चाकांकडून बॅटरीकडे हिरवे बाण पळताना दिसतात. पुढे चढावर तीच वीज इंजिनाला हात देते. तू छत्तीस वर्षं घाटात जी उष्णता उधळलीस ती माझी गाडी डब्यात भरून ठेवते!

पायाखालचा ब्रेक आहेच. पूर्ण थांबायला तोच लागतो, पॅडलने गाडी मंद होते, उभी राहत नाही. आणि तोही हलका दाबला तर आधी मोटरच ओढते, लोखंड नंतर. पण मी मैदानात पांढऱ्या दगडाशी थांबायचं ठरवते आणि पाय न लावता किती जवळ जाता येतं ते बघते. काल दीड हात. वळणाआधी दोनदा डावं, वळणातून निघताना एकदा उजवं. बोटांना आता आपोआप कळतं.

दवाखान्यामागची शाळेकडची उतरण रोज चारदा उतरते. छोटी आहे, पण उतरणच ना? रविवारी मोठ्या घाटात जाणार.

आई खिडकीतून बघते. मी आले की 'आलीस?' म्हणते. बस.

ठमी


२५ फेब्रुवारी

मामा,

उतरले!

रविवारी सकाळी, एकटी. बत्तीसच्या बत्तीस वळणं. पॅडल तीनवर ठेवलं आणि वरपासून खालपर्यंत गाडी सारखीच आवरलेली, जशी मैदानात तशीच तिथे. ब्रेकला पायही लावला नाही. इतकी शांतता की बाहेरचे पक्षी ऐकू येत होते. उगाच घाबरत होते इतके दिवस.

आता तू काळजी सोड. सविस्तर नंतर लिहिते, गडबडीत आहे.

ठमी


५ मार्च

चि. ठमीस,

तुझं पत्र आलं तेव्हा मी शोरूममध्ये जायला बूट घालत होतो. उभ्याउभ्या वाचलं, खिशात घातलं आणि तसाच निघालो.

तिथे मी गिऱ्हाईक झालो. इस्त्रीचा सदरा, काठी बाहेर ठेवली. विक्री करणाऱ्या बाई भल्या आहेत. म्हणाल्या, 'आजोबा, आपण चालवणार का?' म्हटलं, 'डोळे नाही म्हणतात, भाची चालवते.' मग त्यांनी मला बाजूला बसवून उड्डाणपुलावरून खाली आणलं आणि पॅडल दाखवलं. ठमे, मानलं! तू लिहिलंस त्यातलं अक्षर न् अक्षर खरं. पदर धरल्यासारखंच. हा माझाच नियम आहे, फक्त गियर बोटात आलाय. मी बाईंना तसं म्हणालो, तर त्या म्हणाल्या, 'हे आम्हाला ट्रेनिंगमध्ये कुणी इतकं सोपं करून सांगितलं नाही.'

मग मी विचारलं, 'लांब घाट असेल तर?' त्या म्हणाल्या, 'हायब्रिडची बॅटरी लहान असते. लांब उतारावर काही किलोमीटरांत ती भरते. भरली की वीज ठेवायला जागा नाही, मग ओढ कमी होते आणि गाडी सांभाळायला इंजिन फिरायला लागतं. आवाज एकदम वाढतो. पहिल्यांदा ऐकणारे घाबरतात, काही बिघडलं म्हणून फोन करतात.'

मी बाहेर येऊन बाकावर बसलो आणि खिशातलं तुझं पत्र पुन्हा वाचलं. वरपासून खालपर्यंत सारखीच ओढ. पक्षी ऐकू येतात. बावीस किलोमीटर.

तू उतरलीच नाहीस, पोरी.

रागावलेलो नाही. का ते सांगतो. हे मी कुणाला सांगितलेलं नाही, तुझ्या मामीलासुद्धा नाही. चोविसाव्या वर्षी मी नवशिका, डिझेल वाचवायला ट्रक न्यूट्रलवर टाकून उतरत होतो. एकविसाव्या वळणापाशी ब्रेक गेले. रस्त्याच्या कामाची खडी पडली होती, तिच्यात ट्रक घुसवला म्हणून वाचलो. त्यानंतर पाच महिने मी घरी बसून होतो आणि सगळ्यांना सांगत होतो की ट्रक दुरुस्तीला आहे. ट्रक कधीच दुरुस्त झाला होता. मी झालो नव्हतो.

एक दिवस तुझी आई आली. काही विचारलं नाही. लोकरीचा गोळा आणि सुया घेऊन केबिनमध्ये चढून बसली आणि म्हणाली, 'चल, मला खाली जायचंय.' तिला खाली काही काम नव्हतं. मी उतरलो. ती सगळा रस्ता विणत होती, मान वर केली नाही. खाली पोचल्यावर म्हणाली, 'बाही झाली.'

तर आता ऐक. बॅटरी भरेल, आवाज होईल. तो आवाज वैऱ्याचा नाही. इंजिन तुझी गाडी धरतंय, माझं धरायचं तसंच. ओढ कमी वाटली तर ब्रेक मार. घट्ट दाब, वेग उतरव, सोड. पाय त्याच्यावर विसावू नकोस. दाब आणि सोड. लोखंडाला श्वास घेऊ दे. आणि निघतानाच हळू नीघ. वरच्या पहिल्या वळणाला जो वेग असतो तोच पुढे डोक्यावर बसतो.

पुढचं पत्र खरं लिही, दोन ओळींचं असलं तरी चालेल.

मामा


१२ मार्च

मामा,

खरं लिहिते.

तिसऱ्या वळणापर्यंत गेले. तिथे रस्ता रुंद आहे, बाजूला थांबले. हात स्टिअरिंगवरून सुटेनात. गाडीत काही बिघाड नव्हता, ओढ व्यवस्थित होती, बाण हिरवे होते. मला मात्र जळल्याचा वास येत होता. नव्हता रे, पण येत होता. वीस मिनिटांनी गाडी वळवून वर आले आणि तुला लिहिलं की उतरले. एकदा लिहून टाकलं की होईल, असं काहीतरी वाटलं असेल.

खालच्या मोठ्या गोठ्याच्या मालकीणबाईंचा काल फोन आला. चाळीस गायी आहेत त्यांच्या. बिचाऱ्या आडून आडून बोलत होत्या, पण अर्थ एवढाच की महिनाअखेरपर्यंत मी आले नाही तर त्या दुसरा डॉक्टर बघतील. अकरा वर्षं त्यांच्या एकेका गायीच्या पोटात माझा हात गेलाय. त्यांचं चूक नाही.

तुझं पत्र मी टेबलावर विसरले. संध्याकाळी आईच्या हातात दिसलं. म्हटलं, 'माझी पत्रं चोरून वाचतेस?' तर म्हणे, 'चोरून कशाला, चष्मा लावून वाचतेय.' तुझ्या खडीची ओळ तिने दोनदा वाचली. मग घडी घालून परत दिलं आणि म्हणाली, 'बाही नव्हती ती. पाठ होती.'

ठमी


२१ मार्च

मामा, मामा,

आता मी जे लिहिते त्यात अर्धा शब्दही वाढवलेला नाही. साक्षीदार घरात आहे, विचार.

मंगळवारी सकाळी साडेनऊला गोठ्याच्या मालकीणबाईंचा फोन. गाय अडलीय, पहिलंच वेत, पहाटेपासून कळा देतेय, वासराचा एकच पाय दिसतोय. दुसऱ्या डॉक्टरांना यायला दुपार होणार होती. मी म्हटलं, 'गायीला उभी ठेवा, ओढू नका, मी निघाले.' बोलून गेले आणि मग कळलं मी काय बोलले.

बॅग घेऊन गाडीपाशी आले, तर आई बाजूच्या सीटवर बसलेली. पट्टा लावून. मांडीवर पर्स.

'तू कशाला?'

'मला खाली जायचंय.'

'आई, तुला भीती वाटते ना माझ्या गाडीत? तीन वर्षं पाय ठेवला नाहीस.'

ती माझ्याकडे वळली. म्हणाली, 'मला भीती? वेडे, मी बाजूला बसले असते तर तुला माझं मनगट दिसलं असतं, रस्ता दिसला नसता. म्हणून नव्हते बसत. तू एकदा तरी म्हणालीस का, आई बस म्हणून? मला वाटलं, तुलाच नको आहे.'

तीन वर्षं, मामा! एका घरात राहून, समोरासमोर जेवून.

मी म्हटलं, 'बस.' ती म्हणाली, 'बसलेच आहे. गाय थांबणार नाही, चल.'

पहिल्या वळणाला तू सांगितलंस तशी गोगलगाय झाले. डावं, डावं, डावं, तीनवर. दुसरं वळण. तिसरं आलं, ती रुंद जागा दिसली. आई बाहेर बघत म्हणाली, 'इथे थांबली होतीस होय? चांगली जागा आहे.' आणि जागा मागे गेली.

मग बोटं आपोआप चालायला लागली. वळणाआधी डावं, सरळ तुकड्यात उजवं. समोर बॅटरीच्या पट्ट्या एकेक करून भरत होत्या. अकरा, बारा, तेरा. चौदाव्या वळणाच्या तोंडावर शेवटची पट्टी भरली आणि इंजिन ओरडलं. सांगून ठेवलेलं असूनही मी दचकले. एवढ्या गप्प गाडीत एकदम तेवढा आवाज, आणि मागून कुणी पदर सोडल्यासारखी ओढ सैल. वळण समोर होतं. मी ब्रेक दाबला. घट्ट. वेग उतरला. सोडला. पेडल जिथल्या तिथे, कडक! मामा, ते पेडल खाली गेलं नाही. मी तीन वर्षं झोपेत ते पेडल खाली जाताना बघत होते, आणि ते गेलं नाही.

आई म्हणाली, 'हाच का तो आवाज?'

'हाच.'

'मग ठीक आहे,' म्हणाली आणि मान सीटला टेकवली.

पंधरा, सोळा, सतरा. दाब, सोड. इंजिन आपलं घुमतंय, मला आता तो आवाज सोबतीसारखा वाटायला लागला. एकविसावं वळण आलं तेव्हा तुझी खडी आठवली. तिथे आता संरक्षक भिंत आहे आणि भिंतीवर शेळी उभी होती. मी आईला दाखवायला वळले तर आई झोपलेली. तोंड किंचित उघडं. घोरत होती, पण ती ते कबूल करणार नाही.

आई माझ्या बाजूला झोपली, मामा. त्या घाटात.

बत्तिसावं वळण संपल्यावर मी मोठ्याने ओरडले. ती दचकून जागी झाली, 'काय झालं, काय झालं?' म्हटलं, 'काही नाही, पोचलो.' म्हणाली, 'मग ओरडतेस काय, गायीकडे बघ.'

गायीकडे बघितलं. वासराचा दुसरा पाय गुडघ्यात मागे दुमडलेला. कोपरापर्यंत हात घालून, कळ थांबेल तेव्हा आत ढकल, खूर तळहातात झाकून पुढे आण, असं पाऊण तास. अकरा पन्नासला कालवड बाहेर पडली, पांढऱ्या कपाळाची. नाकात काडी फिरवली तशी शिंकली. मालकीणबाई रडत होत्या, आई रडत होती, गाय चाटत होती. मी तेवढी हसत होते, बादलीत हात धूत.

मालकीणबाई म्हणाल्या, 'ड्रायव्हर कुठाय, त्याला चहा देते.' आई पटकन म्हणाली, 'ही काय, तुमच्यासमोर हात धुतेय.'

मग राहिलेले अठरा गोठेही पुन्हा सुरू केले असं समज. चार त्याच दिवशी केले. येताना चढावर ती सगळी साठवलेली वीज कामाला आली. पडद्यावरचे बाण उलटे पळत होते, बॅटरीकडून चाकांकडे.

कालही गेले होते. एकटी. ब्रेक मोजून अकरा वेळा लावला.

तुझी
ठमी, गुरांची डॉक्टर आणि ड्रायव्हर


२८ मार्च

चि. ठमीस, डॉक्टरीणबाईंस आणि ड्रायव्हरसाहेबांस,

तुझं पत्र घेऊन मी थेट शोरूममध्ये गेलो. विक्रीच्या बाईंना म्हटलं, पाच मिनिटं द्या. त्यांनी खुर्ची दिली. मी वाचायला लागलो. चौदाव्या वळणाशी आलो तेव्हा वर्कशॉपमधले दोन मेकॅनिक हातातले पाने घेऊन दारात उभे होते. कालवड शिंकली तिथे सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मॅनेजर बाहेर आले, काय विकलं गेलं म्हणून. बाई म्हणाल्या, 'साहेब, आज काही विकलं नाही, पण आज आपण घाट उतरलो.'

पोस्टमास्तरांना तीनदा वाचून दाखवलंय. ते आता सगळ्यांना पॅडल आणि पेडल यांतला फरक समजावून सांगत असतात, जणू त्यांनीच शोध लावला.

पोरी, मी छत्तीस वर्षांत जे केलं ते पोटासाठी केलं. तू एका अडलेल्या गायीसाठी तुझ्या भीतीवरून गाडी नेलीस. ब्रेक अकरा वेळा म्हणतेस. मी माझ्या उमेदीत त्या घाटात सतराच्या खाली कधी आलो नाही. हे मी कुणाला सांगणार नाही, तूही सांगू नकोस. सांगितलंस तरी चालेल म्हणा.

आता एक मागणं आहे.

त्या उतारावरून मी किती वेळा गेलो असेन याचा हिशेब नाही, पण माझी नजर सगळा वेळ रस्त्यावर. समोरची कड, पुढचं वळण, आरसा, पुन्हा कड. क्लिनर म्हणायचे, काय दरी दिसतेय बघा, आणि मी म्हणायचो, तू बघ. मग वय झालं, डोळे गेले, गाडी सुटली. जेवढे उरलेत त्यांना लांबचं हिरवं अजून दिसतं.

मला ती दरी बघायची आहे. एप्रिलात मी वर येतो. ताईला म्हणावं, पुढची सीट तिचीच, मी मागे बसेन, दरीच्या बाजूला. काच खाली करून ठेव. तू रस्ता बघ, मी बघणार नाही.

मामा